चार फूट अकरा इंच उंची आणि मापाने बांधून घेतलेली कार्बन सायकल

पहाटफेरी (धागाकर्ती)

गेल्या रविवारी ३०० किलोमीटरची बी.आर.एम. (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) पूर्ण केली. वीस तासांची मुदत असते, मला सतरा तास चाळीस मिनिटं लागली. पण मला आनंद वेळेचा नाही झाला. सोमवारी सकाळी दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांना चहाच्या कपाची ऊब नीट कळली, त्याचा झाला. जुन्या सायकलवर नुसते दोनशे केले तरी पुढचे चार-पाच दिवस करंगळी आणि अनामिका बधिर असायची. कुर्त्याची बटणं लावायला आईला हाक मारावी लागायची.

नव्या सायकलचा फोटो टाकल्यापासून व्यक्तिगत निरोप (व्यनि) येताहेत. सगळ्यांचे दोनच प्रश्न: वजन किती आणि एवढा खर्च कशासाठी? वजन ७.४ किलो, पायडल आणि बाटलीच्या स्टँडसकट. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, म्हणून हा धागा.

माझी उंची १५० सें.मी., वजन ४८ किलो. सहा वर्षांपूर्वी पहिली रोड बाइक घेतली तेव्हा दुकानात जी सगळ्यात लहान साइज होती ती मिळाली. "सीट खाली केली की झालं," असं सांगितलं गेलं आणि मी विश्वास ठेवला. सीट खाली झाली, पण हँडल होतं तिथेच राहिलं. मग स्टेम (हँडलला फोर्कशी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याशी जोडणारा तुकडा) आखूड केला, मग आणखी आखूड केला. मान दुखायची, हात सरळ ताणलेले राहायचे, सगळा भार तळहातांच्या कडेवर यायचा.

आणि मग सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापुढे चढ लागला की माझा वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर येतो. एका तीव्र वळणावर हँडल डावीकडे वळवलं आणि उजव्या बुटाचा पुढचा भाग थेट चाकाला लागला. चाक अडलं, मी आडवी. मागून जीप येत होती, चालकाने वेळेत ब्रेक मारला. कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर प्रत्येक वळणावर पायडल कुठे आहे याकडेच लक्ष असायचं. चढावर जे लक्ष श्वासाकडे हवं, ते बुटाकडे.

बूट चाकाला का लागतो हे समजून घेतलं आणि सगळा घोळ लक्षात आला. बहुतेक सगळ्या कंपन्या लहान फ्रेमलाही ७००सी, म्हणजे रोड बाइकची नेहमीची मोठी चाकंच लावतात. चाक तेवढंच, माणूस लहान. मग पाय आणि चाक यांच्यात अंतर राहावं म्हणून पुढची नळी (जिच्यात फोर्क फिरतो ती) जास्त तिरपी करतात, म्हणजे चाक पुढे सरकतं. आणि तक्त्यात वरचा दांडा आखूड दिसावा म्हणून सीटची नळी जास्त उभी करतात. माझ्या जुन्या फ्रेमला सीटचा कोन ७५.५ अंश होता. मला गुडघ्यासाठी लागतो ७३.५. पायडलच्या आसापासून, म्हणजे पायडलचे दोन्ही दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसापासून, सीट ६० सें.मी. उंच असेल, तर एका अंशाला सीट साधारण एक सेंटीमीटर पुढे-मागे होते. म्हणजे योग्य जागी बसायला मला सीट दोन सेंटीमीटर मागे ढकलावी लागली आणि कागदावर आखूड केलेलं अंतर तिथेच परत आलं. सगळ्यात लहान साइज आणि तिच्या वरची साइज यांच्या 'रीच'मध्ये (पायडलच्या आसापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) मोजून काही मिलिमीटरचाच फरक निघाला. माझ्यासारख्या मुलींना वर्षानुवर्षं "तुझी पाठ कमकुवत आहे, व्यायाम कर" असं सांगितलं जातं, त्यातल्या कित्येकींची पाठ ठणठणीत असणार. याचा मला खरोखर राग येतो.

पुढच्या नळीचं तेच. जुन्या सायकलवर ती ७०.५ अंशाला होती, फोर्कचा पुढचा बाक ४५ मि.मी. याचा 'ट्रेल' (हँडल फिरतं त्या आसाची रेष जमिनीला जिथे लागते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) येतो ७२ मि.मी.च्या आसपास. हँडल जड, वळायला सुस्त. नव्या सायकलला कोन ७२, बाक तेवढाच, चाक लहान, ट्रेल ५८. पहिल्या दिवशी पाषाणच्या वळणावर ती इतक्या सहज वळली की मी पुन्हा मागे जाऊन तेच वळण घेतलं.

साध्या कार्बन फ्रेममध्ये हे सगळं बदलून का मिळत नाही? कारण ती साच्यात बनते. प्रत्येक साइजला वेगळा साचा, आणि साचा महाग, म्हणून पाच-सहा साइजमध्ये सगळ्या जगाला बसवतात. माझी फ्रेम नळीला नळी जोडून केलेली आहे. कार्बनच्या नळ्या आधी तयार करतात, हव्या त्या लांबीला आणि कोनाला त्यांची तोंडं कापतात, चौकटीत बसवून चिकटवतात आणि मग प्रत्येक सांध्यावर राळ भरलेल्या कार्बन कापडाचे थर गुंडाळून, निर्वात पिशवीत दाबून भट्टीत पक्के करतात. त्यामुळे कोन आणि लांबी कुठलीही चालते. इटलीच्या उत्तरेतल्या एका छोट्या कार्यशाळेत ती झाली. पाच महिने लागले. त्यांनी माझं वजन विचारलं, चढावर मी उभी राहते की बसून मारते ते विचारलं, हाताचं आणि पायाचं माप तीन-तीनदा मागवलं.

शेवटी ठरलं ते असं: चाकं ६५०बी (७००सीपेक्षा लहान), टायर ३२ मि.मी. रुंद, क्रँक (पायडलचा दांडा) १७० ऐवजी १५५ मि.मी., हँडल ३६ सें.मी. रुंद. चाकाची त्रिज्या दीड सेंटीमीटरने घटली आणि पायडल दीड सेंटीमीटर मागे आलं, असे तीन सेंटीमीटर हाताशी आले. त्यातले काही पुढची नळी उभी करण्यात गेले, बाकीचे माझ्या पायाला मिळाले. आता हँडल कितीही वळवलं तरी बूट लागत नाही.

एक गोष्ट विचारपूर्वक केली, ती सांगते. लहान चाकांमध्ये ६५०सी पण असतं, पण ती ट्यूब आपल्याकडे शोधत फिरावी लागते. ६५०बी म्हणजे आपलं साडेसत्तावीस इंची एम.टी.बी. (माउंटन बाइक) चाक, रिमचा व्यास तोच, ५८४ मि.मी. रस्त्यावरचे बारीक टायर मिळायला त्रास आहे, मी दोन जोड्या आणून ठेवल्यात. पण वेळ आलीच तर साताऱ्यातल्या कुठल्याही सायकलच्या दुकानातली ट्यूब चालते. फ्रेममध्ये ४२ मि.मी.पर्यंत टायर मावेल एवढी जागा ठेवायला सांगितली होती, त्यामुळे दीड इंची एम.टी.बी. टायर घालूनही घरी येता येईल.

विचारा काय ते. सगळं सांगेन.

पोलाद५३१

ताई, अभिनंदन. मनापासून लिहिलं आहेस म्हणून मीही मनापासून विचारतो. मोजमापाचं सगळं पटलं. पण हे सगळं पोलादात जास्त चांगलं झालं असतं. नळ्या कापून, जोडून, हव्या त्या कोनात फ्रेम बांधणं ही कला शंभर वर्षांहून जुनी आहे. रेनॉल्ड्स ५३१ नळी १९३५ साली आली आणि तिच्या फ्रेम आजही रस्त्यावर दिसतात. माझी स्वतःची सायकल माझ्या वयाची आहे. पडली, वाकली, सरळ केली, पुन्हा रंगवली. कार्बनला चीर गेली की काय करणार? आणि पाच महिने थांबायचं असेल तर पोलादासाठी थांब, निम्म्या पैशात होईल.

पहाटफेरी

काका, मापाच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के खरं. ज्यांना फक्त माप हवंय त्यांनी पोलादाची फ्रेम जरूर बांधून घ्यावी. मी कार्बन घेतला तो माझ्या वजनामुळे. माझी जुनी सायकल साडेदहा किलोची होती. मी ४८. दोन्ही मिळून ५८.५. नवी धरून ५५.४. म्हणजे चढावर ओढायचं वजन सव्वापाच टक्क्यांनी कमी झालं. ७५ किलोच्या माणसाला तेच तीन किलो साडेतीन टक्क्यांचे पडतात. तीव्र चढावर वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणात लागतो, त्यामुळे तासाभराच्या घाटात मला तीन मिनिटं मिळतात. मुख्य म्हणजे पुण्यातल्या माझ्या गटातले सगळे माझ्याहून जड आहेत, त्यांच्याबरोबर वरपर्यंत राहता येतं. आधी मी एकटीच मागे असायचे. चिरेबद्दल कुणी जाणकार बोलतील का?

थरावरथर

मी बोलतो. कंपोझिटच्या (कार्बन धागा आणि राळ यांसारख्या मिश्र पदार्थांच्या) कामात आहे, सायकलच्या नाही, पण पदार्थ तोच.

कार्बनचा धागा लांबीच्या दिशेत ताणाला जबरदस्त, आडवा फार दुबळा. म्हणून थर वेगवेगळ्या दिशांना लावतात. नळीच्या लांबीत शून्य अंशाचे थर वाकणं रोखतात, अधिक-उणे ४५ अंशाचे थर पिळवटणं रोखतात, आणि ९० अंशाचे नळी चेपू देत नाहीत. हाताने बांधणाऱ्या माणसाच्या हातात हीच खरी ताकद असते. साच्यातली लहान फ्रेम पुष्कळदा मोठ्या साइजसारख्याच थरांची असते, आणि नळ्या आखूड असल्याने ती आणखी कडक होते. ४८ किलोच्या माणसाला ती लाकडी फळीसारखी लागते. ताईंच्या बोटांच्या बधिरपणामागे जसं हँडलचं अंतर आहे तसा हाही भाग असू शकतो. त्यांना वजन का विचारलं ते यातून कळेल.

आता चिरेबद्दल. पोलाद वाकून सांगतं, कार्बन आतल्या आत थर सोडतो आणि वरचा रंग शाबूत दिसू शकतो, त्यामुळे पडल्यावर नुसत्या नजरेवर विसंबू नका. नाण्याने हलकेच ठोकत नळीभर फिरा. एका जागी आवाज टणटणीतऐवजी बद्द आला की तिथे शंका घ्या. पायडलच्या आसाभोवती आणि सांध्यांवर थर जाड असतात, तिथे ही युक्ती फसते, तिथे अल्ट्रासाउंडने बघणारा माणूस लागतो. आणि काकांना सांगतो, कार्बन दुरुस्त होतो. खराब भाग घासून उतरत्या पायऱ्यांसारखा करतात, मूळ दिशांमध्ये नवे थर चढवतात, पुन्हा पक्के करतात. नीट केलं तर ती जागा मूळ नळीइतकी भक्कम होते.

पडण्यापेक्षा जास्त फ्रेम मी आवळण्याने गेलेल्या पाहिल्यात. टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) घ्या. स्टेमवर पाच न्यूटन मीटर लिहिलं असेल तर पाचच. गाडीच्या मागच्या कॅरियरला किंवा दुकानातल्या स्टँडला वरच्या दांड्याने धरू देऊ नका, सीटपोस्टने (सीटखालच्या दांड्याने) धरा.

खाजणकाठ

रत्नागिरीहून. थरावरथर, यात एक कोकणातली भर. कार्बन फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर दर दोन महिन्यांनी काढून पुसा. खारा वारा, घाम आणि हे दोन पदार्थ एकत्र आले की अॅल्युमिनियम खात जातं, पांढरी भुकटी धरते आणि पोस्ट आत घट्ट बसतो. माझा असा बसला की शेवटी करवतीने आतून कापून काढला. दोन दिवस गेले, फ्रेम वाचली. तेव्हापासून कार्बनचा पोस्ट आणि खरखरीत दाणे असलेली कार्बन पेस्ट. ती लावली की कमी आवळूनही पोस्ट घसरत नाही. साधं ग्रीस लावू नका.

कृष्णाकाठ

वाईकर. ताई, पसरणी घाट उतरताना कशी वाटते? मी रिम ब्रेकच्या कार्बन चाकांवर एकदा पाचगणीहून खाली आलो, पुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग, त्यामुळे ब्रेक सतत धरलेला. खाली आलो तर रिमला हात लावता येईना, आणि महिन्याभरात कडेला फुगवटा दिसला.

पहाटफेरी

अहो, हाच धोका ऐकून मी डिस्क ब्रेकच ठेवले. सतत धरलेल्या ब्रेकने रिम तापते, राळ मऊ पडते आणि थर सुटतात. डिस्कमध्ये उष्णता रिमपर्यंत जात नाही. तरी मी ब्रेक धरून ठेवत नाही. जोरात दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा, थंड होऊ द्यायचा. पसरणीच्या बारा-एक किलोमीटरमध्ये हात दुखायचे थांबले त्याचं कारण मात्र वेगळंच आहे: ब्रेकचे लिव्हर आतल्या स्क्रूने हँडलच्या जवळ आणता येतात हे मला पाच वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं! लहान पंजा असलेल्या प्रत्येकीने आजच्या आज हे करावं. दोन मिनिटांचं काम, पैसा एक लागत नाही, जुन्या सायकलवरही होतं.

तुमचं ते चाक मात्र आता वापरू नका, प्लीज.

कृष्णाकाठ

भिंतीवर टांगलंय. वापरत नाही.

रुबेचीधूळ

कार्बन आपल्या खड्ड्यांत टिकेल का, ही शंका प्रत्येक धाग्यात येते, म्हणून थोडा इतिहास. ग्रेग लेमाँडने १९८६ साली टूर द फ्रान्स जिंकली ती कार्बनच्या फ्रेमवर, आणि १९९१ मध्ये त्याच्या संघाला कॅलिफोर्नियातल्या क्रेग कॅल्फीने कार्बनच्या फ्रेम बांधून दिल्या. तरी पॅरिस-रुबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर कार्बन नको, असंच जुनेजाणते म्हणत. मग मिलानजवळच्या कांबियागोच्या कोल्नागोने १९९४ मध्ये सी४० आणली: कार्बनच्या नळ्या, कार्बनच्याच सांध्यांमध्ये बसवलेल्या. १९९५ मध्ये फ्रँको बालेरिनी त्याच फ्रेमवर रुबे जिंकला, आणि १९९६ मध्ये मापेई संघाचे तिघं पहिल्या तीन क्रमांकांवर आले. नळ्या आणि सांधे वेगळे असले की मापं बदलणं किती सोपं होतं, ते ताईंच्या लेखात आलंच आहे. ती फ्रेम साच्यातल्या एकसंध फ्रेमहून जड असते, तो भाग आहे. पण आपल्याला शर्यत जिंकायची नाही, आणि व्यावसायिकांनाही ६.८ किलोच्या खाली जायला नियमाने बंदी आहेच.

मला स्वतःला खड्ड्यांत फ्रेमपेक्षा टायरची काळजी वाटते. ३२ चा टायर आणि कमी हवा, हा या सायकलमधला फार शहाणा निर्णय आहे.

संत्रानगरी

माझी अडचण उलटी. उंची १९४ सें.मी., नागपूर. सगळ्यात मोठ्या फ्रेमवर सीटपोस्ट शेवटच्या खुणेपर्यंत बाहेर, आणि हँडल इतकं खाली की पाठ मोडते. हँडलखाली चकत्या रचून रचून चार सेंटीमीटरचा मनोरा झालाय. मला कुठल्या बाजूला जायला हवं?

थरावरथर

चार सें.मी.चा मनोरा कार्बनच्या स्टिअरर नळीवर (फोर्कची वर जाणारी, स्टेम जिच्यावर बसतो ती नळी) चांगला नाही. फोर्क बनवणारा किती चालेल ते लिहून देतो, ती मर्यादा आधी बघा. तुम्हाला पुढची नळी लांब हवी, म्हणजे 'स्टॅक' (पायडलच्या आसापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची) जास्त. आधी लांब पल्ल्याच्या ढंगाची फ्रेम बघा, त्यात तो मुळातच जास्त असतो. तरी जमलं नाही तरच बांधून घ्या. आणि लांब पायांना क्रँकही लांब लागू शकतो.

दोनचाकीआई

माझी मुलगी तेरा वर्षांची, १४६ सें.मी., शाळेच्या संघातून शर्यतींना जाते. हे वाचून आम्ही घरात बसून तिच्या बुटाचं मोजलं, लागतोय चाकाला. ती वळणाला घाबरते म्हणून तिला ओरडले होते मी. तिच्यासाठी अशी बांधून घ्यावी का? ताई, खर्चही सांगाल का, स्पष्ट?

पहाटफेरी

खर्च: फ्रेम आणि फोर्क मिळून साडेतीन लाख, त्यावर आयात शुल्क आणि पाठवणी. गियर, ब्रेक जुन्या सायकलवरून आले, चाकं नवी. मी पाच वर्षं बाजूला टाकत होते.

मुलीसाठी नको, ताई. ती अजून वाढतेय, दीड वर्षात फ्रेम लहान होईल. तिच्यासाठी छोट्या चाकांची रोड बाइक वापरलेली मिळते का बघा. ती मिळेपर्यंत आहे त्याच सायकलला आखूड क्रँक बसवा, १५५ किंवा १६०. पाय मागे येईल, गुडघाही कमी वर येईल. क्रँक जितका आखूड केला तितकी सीट वर घ्या, हे विसरू नका. आणि बूट पुढे सरकून बसत असेल तर क्लीट (बुटाच्या तळाची, पायडलमध्ये अडकणारी पट्टी) बुटाच्या पुढच्या बाजूला घ्या, त्याने पाय आणखी थोडा मागे जातो. खर्च दहा हजारांच्या आत राहील.

आणि तिला सांगा, वळणाची भीती बरोबरच होती.

दोनचाकीआई

सांगितलं. रडली थोडी. मग लगेच टेप घेऊन स्वतःच मापं घेत बसली. पाय मोजायचा कसा, हे विचारतेय.

पहाटफेरी

अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढायचं, पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. तीनदा. माझं ६८ आलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची सुरुवातीची उंची मिळते, माझी ६०. आखूड क्रँक असेल तर तेवढी भर घालायची. मग चालवून दोन-दोन मिलिमीटरने ठरवायचं.

पोलाद५३१

पोरीला घेऊन या कुणीतरी पुण्यात. माझ्याकडे नातीची छोटी चाकं असलेली पोलादी फ्रेम पडून आहे, तिची उंची वाढली. रंग उडालाय, पण नळ्या सरळ आहेत. पैसे नकोत.

दोनचाकीआई

काका, आम्ही साताऱ्याला असतो. रविवारी येऊ शकतो.

पहाटफेरी

मग रविवारी सकाळी सहाला खडकवासल्याच्या चौपाटीवर. मी टेप, पुस्तक आणि टॉर्क रेंच आणते. काका, तुम्ही फ्रेम आणा. मुलीला म्हणावं, बूट घालून ये, आणि ती आत्ताची सायकलही घेऊन ये.